ठेवलेली चूक

नाना बोरसे फासे कधी पटावर टाकत नसत. पटाशेजारी स्टीलची ताटली, तिच्यात घडी केलेला जुना हातरुमाल, आणि त्यावर फासे. कारण विचारलं तर म्हणायचे, "पटावर फासा टाकला की दोन-चार माणसं आडवी होतात. लढाईत गेली तर गेली, धक्क्यानं कशाला?"

माणसं म्हणजे बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे शिपाई. जेवणाच्या टेबलाएवढा जगाचा नकाशा, त्यावर दुसरं महायुद्ध मांडलेलं. रशिया, जर्मनी, जपान, इंग्लंड, अमेरिका. ज्याच्याकडे जितका मुलूख, तितकं सैन्य दर फेरीला त्याच्या कारखान्यांतून बाहेर पडणार. मग ते पुढे सरकवायचं आणि हल्ल्याचा निकाल फाशांवर लावायचा. धुळ्याला देवपुरात नानांच्या घरी रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही तिघं बसायचो. साळुंखे सर हे भूगोलाचे शिक्षक, म्हणून जर्मनी आणि जपान त्यांच्याकडे. माझी ओळख झाली तेव्हा नाना पहिलं वाक्य बोलले ते असं, "देवरेभाऊ, तुम्ही सांख्यिकीतले ना? म्हणजे आकड्यांचे. मग इंग्लंड आणि अमेरिका तुम्ही. त्यांना घाई नसते." रशिया कायम नानांकडे. एक डाव दोन रविवार चालायचा. अकरा वर्षांत आमचे एकशे त्र्याण्णव डाव झाले. हा आकडा माझ्या वहीतला आहे, आणि ती वही मी दोनदा मोजली आहे.

खेळाची पेटी नानांना पाचव्या गल्लीतल्या एका रद्दीच्या दुकानात मिळाली होती. पट शाबूत होता, सैन्य अपुरं होतं. रशियाचे नऊ शिपाई कमी पडत होते. त्यांच्या जागी नानांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्कांनी, आपल्या जुन्या स्वेटरची लाल बटणं काढून दिली. अक्का नानांकडेच राहायच्या. नाना कामाच्या निमित्ताने तालुक्याच्या गावांतून फिरलेले, त्यांची बोली बरीचशी शहरी झाली होती, मधूनच 'आहे'ऐवजी एखादा 'शे' निसटायचा. अक्का मात्र अहिराणीतच बोलायच्या, समोर कोणीही असो. दारातून डोकावून दर रविवारी विचारायच्या, "काय रे, आजबी लढाई शे का?" आणि उत्तराची वाट न बघता चहाला लागायच्या.

नियमांची पुस्तिका इंग्रजीत होती आणि तिला वाळवी लागलेली. नानांनी महिनाभर बसून ती मराठीत उतरवली. नोकरीत ते आरेखक होते, कालव्यांचे नकाशे काढायचे. अक्षर असं की छापील वाटावं. प्रत्येक पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी नकाशावर असतात तसे तीन चौकोन आखले होते: रेखाटले, तपासले, मंजूर. पहिल्यात त्यांची सही. बाकीचे दोन रिकामे.

या चौकोनांची एक गोष्ट होती. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या लक्षात आलं, की त्यांचे साहेब नकाशा न उघडताच 'तपासले'मध्ये सही करतात. म्हणून एकदा त्यांनी कालव्यातल्या पाण्याचा बाण मुद्दाम उलटा काढला. सही होऊन नकाशा परत आला. नाना तो घेऊन साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, आपलं पाणी डोंगरावर चढतंय." साहेब रागावले, पण त्या दिवसापासून नकाशा उघडून पाहायला लागले. आणि नानांना जन्माची सवय लागली. ज्या कागदाची तपासणी व्हायची, त्यात ते एक तरी चूक मुद्दाम ठेवायचे. ती सापडली तरच तपासलं असं समजायचे. वाण्याच्या यादीतसुद्धा साखरेपुढे 'दोन लिटर' लिहायचे.

त्यांच्या खेळात नखरा असा काही नव्हता. पायदळातला शिपाई हल्ला करतो तेव्हा फाशावर एकच पडला पाहिजे, पण जागेवर उभा राहून बचाव करतो तेव्हा एक पडो की दोन, दान लागतं. म्हणजे थांबलेला शिपाई धावणाऱ्याच्या दुप्पट. रशियाची पहिली फेरी आली की नाना टाळी वाजवून जाहीर करायचे, "बठ्ठा पायदळ!" सगळं सैन्य पायदळच, रणगाडा नाही, विमान नाही.

"नाना, एखादा रणगाडा तरी घ्या," सर म्हणायचे. "दिसायला तरी बरं दिसतं."

"वरातीला न्यायचाय का, सर?"

मग ते पश्चिमेच्या सरहद्दीवर सहा ठिकाणी दोन-दोन शिपाई उभे करायचे. ही त्यांची खरी चाल. कारण आमच्या नियमात जुग होतं. एका ठिकाणी दोनच शिपाई असतील तर ते जुग. एक दान लागलं तर कोणी मरत नाही, दोन दानं एकदम लागली तरच दोघं जातात. सर सहा ठिकाणी सैन्य पाठवून दमायचे, आणि तोवर मॉस्कोत लाल बटणांची रांग लागलेली असायची. एकशे त्र्याण्णव डावांत मॉस्को पडलं सत्तावीस वेळा.

फासे उचलण्याआधी नाना एक प्रश्न मोठ्याने विचारायचे, "मांगे कोन शे?" म्हणजे या सैन्याच्या पाठीमागे कोण उभं आहे? जिंकलेली जागा धरून कोण ठेवणार? गंमत अशी की हा प्रश्न ते समोरच्यालाही विचारायचे. सर हल्ल्याच्या आवेशात असताना नाना शांतपणे म्हणणार, "सर, मांगे कोन शे?" सर चिडायचे. "तुम्ही माझ्या बाजूनं आहात की तुमच्या?" नाना म्हणायचे, "डावाच्या."

हा प्रश्न त्यांनी मला पटाबाहेरही एकदा विचारला. खेळायला लागून सहा वर्षं झाली होती. माझी बदली जळगावला झाली. मुलगी बारावीला, बायकोची शाळेतली नोकरी धुळ्यात. मी राजीनाम्याचा कागद खिशात घेऊन रविवारी गेलो आणि तावातावाने सगळं सांगितलं. नानांनी कागद वाचला, तारीख चुकली होती ती दाखवली, आणि म्हणाले, "ह्याच्या मांगे कोन शे?" कोणी नव्हतं. दुसरी नोकरी नव्हती, घरात विचारलेलं नव्हतं, फक्त राग होता. नानांनी पटावरची सरहद्दीची दोन बटणं उचलून मागे ठेवली. "जागा सोडली तर परत घेता येते, भाऊ. माणसं हरवली तर त्यांच्या जागी बटणं लावावी लागतात." मी जळगावला एकटा गेलो, मुलीची परीक्षा आणि बायकोची बदली झाल्यावर घर हलवलं. पुढची पाच वर्षं महिन्यातले दोन रविवार मी पहिल्या बसने धुळ्याला येत राहिलो. ज्या नोकरीवर आज माझं घर उभं आहे, ती त्या दिवशी त्या दोन बटणांनी वाचवली. हे मी नानांना कधी बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी माझा हिशेब तपासला असता.

अकराव्या वर्षी सरांचा एक जुना विद्यार्थी नाशिकहून फोनवर बोलला. तिथे चौघं तरुण मुलं असलेच खेळ खेळतात, त्यांना नानांच्या रशियाशी खेळायचं होतं. रेल्वेची सोय म्हणून जागा ठरली जळगावची, माझं घर. नाना तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी अकरा वर्षांचा अनुभव एका वहीत उतरवला. नाव 'रशियाची पहिली चाल', बत्तीस पानं, आठ नकाशे. त्या मुलांना एकेक प्रत द्यायची होती. सामन्याला तीन आठवडे असताना त्यांनी वही माझ्या हातात दिली.

"बाकी कोणाकडनं नाही होणार. आकडा न् आकडा तपासा. मगच 'तपासले'च्या चौकोनात सही करा."

मी काम हातात घेतलं की मूळ कागदापासून घेतो. नानांचा मराठी नियम नव्हे, मूळ इंग्रजी पुस्तिका पाहिजे. वाळवीने खाल्लेल्या पानांसाठी मी मुलीला सांगितलं. तिने पेटीवरच्या नावावरून मोबाईलवर संपूर्ण पुस्तिका शोधून दिली. मी ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तीन वेळा वाचली. जुग कुठेही नव्हतं. एक दान लागलं की एक शिपाई मरतो, दोन असोत की वीस.

बत्तीस पानांपैकी सव्वीस पानं जुगावर उभी होती.

तो आठवडा मला वाईट गेला. न सांगावं तर नाशिकच्या मुलांसमोर पहिल्याच फेरीत नानांना कोणीतरी थांबवणार, 'आजोबा, असा नियम नाही.' सांगावं तर त्या माणसाची अकरा वर्षं माझ्या हाताने पुसायची. बायको म्हणाली, "त्यांनी तुम्हाला कौतुक करायला दिलंय की तपासायला?" मी रविवारची बस धरली.

सर आधीच येऊन बसले होते. मी वही पटावर ठेवली.

"नाना, यात एक चूक सापडली."

"एकच?" नाना हसले. "मी तीन ठेवल्यात."

"त्या तिन्ही सापडल्या. ही चौथी."

हसू थांबलं. मी मोबाईल समोर धरला. नानांनी भिंग आणलं, ते पान वाचलं, पुन्हा वाचलं. मग कपाटातून मूळ पुस्तिका काढून ते खाल्लेलं पान शोधलं. नवव्या पानाचा कोपरा वाळवीने नेला होता. मोबाईलवर बघितलं तर त्या कोपऱ्यात बंदरातल्या जहाजांविषयी दोन ओळी होत्या. नानांनी मराठीत उतरवलेल्या नियमांत मात्र त्याच जागी, त्याच देखण्या अक्षरात, जुगाचा नियम लिहिलेला होता.

"मग हे मी कुठून आणलं?" नाना स्वतःशीच म्हणाले. "मनातलं लिहिणारा माणूस नाही मी. जुग... जुग कुठून आलं?"

आतून अक्का बाहेर आल्या. हाताला पीठ होतं. "जुग? तो तं आपली मायना खेळमा ऱ्हास!"

सोंगट्यांचा खेळ. दोन सोंगट्या एका घरात आल्या की जुग, आणि जुग मारायला जुगच लागतं. नानांची आई दुपारी मुलांना घेऊन खेळायची, कापडी पटावर. कोपरा गहाळ झालेलं ते वाक्य पुरं करताना नानांच्या हाताने आईचा नियम लिहिला होता, आणि तो आपण भरला हे त्यांना आठवतही नव्हतं.

सरांनी टेबलावर थाप मारली. "म्हणजे अकरा वर्षं मला तुमच्या आईनं हरवलं!"

"तिच्यासमोर कोनबी जिके नही," अक्का म्हणाल्या.

आम्ही हसलो, पण नाना हसले नाहीत. ते वहीकडे बघत होते. सर मनाने फार चांगला माणूस. त्यांनी हळूच बाजू सावरली. "नाना, ही पण ठेवलेलीच असेल. देवरेंना सापडते का बघायला. हो ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. मी तर मनात म्हणत होतो, म्हणा हो.

"नाही सर," नाना म्हणाले. "ठेवलेल्या चुकीची जागा आपल्याला ठाऊक असते. ही पडलेली चूक आहे."

मग त्यांनी लाल शाईचं पेन आणि पट्टी काढली. वहीच्या पहिल्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ मारली, तिच्यावर 'रद्द' लिहिलं, खाली सही, तारीख. दुसरं पान. तिसरं. रद्द झालेला नकाशा असाच करतात, फाडत नाहीत. बत्तीस पानांना चाळीस मिनिटं लागली. अक्का चहा घेऊन आल्या आणि आमची तोंडं बघून म्हणाल्या, "काय व्हयनं? कोन मरी गयं?"

"रशिया," नाना म्हणाले.

"मंग चहा पी ल्या."

नानांनी चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "आता मांडा गणित. दोन शिपाई, खरा नियम. निदान एक तरी दान लागायची शक्यता किती?"

"छत्तीसात वीस."

"आणि सगळे एकाच जागी आणले तर?"

दुपारची बस गेली, मी संध्याकाळच्या बसने परतलो. पुढचे चौदा दिवस रोज सात वाजता त्यांचा फोन यायचा. "सरहद्द सोडली, पहिल्या फेरीत बारा माणसं मागे. आता?" मी गणित करून सांगायचो, ते त्यावर दुसरा प्रश्न काढायचे. त्यांच्या आवाजात दुःखाचा मागमूस नसायचा. उलट घाई होती, नवीन पुस्तक मिळालेल्या माणसाची असते तशी. "भाऊ, आपण अकरा वर्षं चौथीतच बसलो होतो," एकदा म्हणाले. "आता पाचवीत गेलो."

ठरल्या रविवारी नाना आणि सर धुळ्याहून आले, नाशिकची मुलं आली. सभ्य होती, पण हुशारी लपत नव्हती. जर्मनी घेणारा मुलगा तर फेरी संपायच्या आत पुढची बोलून दाखवायचा. नानांनी टाळी वाजवली, "बठ्ठा पायदळ!" आणि सहाही सरहद्दी रिकाम्या करून सगळी माणसं एका ठिकाणी मागे आणली. लढाई न करता. मुलं एकमेकांकडे बघून हसली. चौथ्या फेरीला जर्मनीचे रणगाडे एकटेच पार आत घुसले. मुलाने फासे उचलले आणि नाना म्हणाले, "बेटा, मांगे कोन शे?"

"म्हणजे, आजोबा?"

सरांनी कपाळावर हात मारून अर्थ सांगितला. मुलाने नकाशाकडे पाहिलं, हसला आणि तरीही फासे टाकले. जिंकलाही. मग नानांची फेरी आली आणि रांगेने उभं असलेलं पायदळ, बटणं धरून, एकदम पुढे आलं. त्या रणगाड्यांच्या मागे कोणीच नव्हतं.

डाव पुरा झाला नाही. मुलांची गाडी पाचला होती. निघताना मॉस्को उभं होतं आणि कोण जिंकतंय हे सांगता येत नव्हतं. दारात चपला घालताना नानांनी आपण होऊन त्यांना जुगाची सगळी गोष्ट सांगितली, आपली चूक एक शब्द कमी न करता. तो जर्मनीवाला मुलगा थांबला. "आजोबा, तो नियम लिहून द्या ना. आम्ही तसं पण खेळून बघू." नानांनी तिथेच बसून लिहून दिला. खाली कंसात लिहिलं, 'हा मूळ नियम नाही. आईचा आहे.'

महिन्याभरानंतरच्या एका रविवारी मी धुळ्याला गेलो तेव्हा नवीन चालीचा पक्का नकाशा तयार होता. एकच मोठा कागद. नाना मला सोडायला बसस्टँडपर्यंत आले, नको म्हणत असताना. गुंडाळी माझ्या हातात देऊन म्हणाले, "या खेपेला चूक ठेवलेली नाही. पण बघा."

मी अर्थातच विश्वास ठेवला नाही. जळगावला तीन संध्याकाळी बसून प्रत्येक बाण, प्रत्येक आकडा, प्रत्येक शक्यता पुन्हा मांडली. सगळं बरोबर होतं. चौथ्या दिवशी सही करावी म्हणून पेन उघडलं आणि पहिल्यांदा उजव्या खालच्या कोपऱ्याकडे नीट पाहिलं. 'तपासले'च्या चौकोनात जागाच नव्हती. तिथे नानांची सही होती. आणि 'रेखाटले'च्या चौकोनात, त्या छापील वाटणाऱ्या अक्षरात, माझं नाव.

फोन उचलला होता, पण ठेवला. म्हटलं, ही सापडलेली चूक समोर बसून सांगू. त्यांचा चेहरा बघायचा होता. पुढच्या रविवारच्या आधी, शुक्रवारी सकाळी अक्कांचा फोन आला. नाना झोपेतच गेले होते.

तो कागद आता माझ्या भिंतीवर आहे. ती चूक ठेवलेली की पडलेली, हे विचारायचं राहिलं. मी कोपरा दुरुस्त केलेला नाही. माझ्या आयुष्यात एवढीच एक नोंद मी चुकीची ठाऊक असून तशीच राहू दिली आहे.

आणि त्यांचं शेवटचं दर्शन म्हणाल तर ते कागद दिला त्याच दिवशीचं, धुळ्याच्या स्टँडवरचं. मी खिडकीशी बसलो होतो, गुंडाळी वर सामानाच्या फळीवर ठेवलेली. बस हलली तसे नाना दोन पावलं सोबत चालले. गाडीच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. ते बोटाने हवेत खाली, उजवीकडे, एक छोटासा चौकोन काढून दाखवत होते. पुन्हा पुन्हा, मिश्कीलपणे हसत. मला वाटलं, सांगताहेत की कागद वर ठेवू नका, चेपेल, खाली घ्या. मी उठून गुंडाळी काढली, मांडीवर आडवी ठेवली, आणि कळलं म्हणून हात हलवला.